बगलेतलं तांबं

पट्टण पंचायतीचा ठराव माझ्या टेबलावर आला:
"स्टेशन रोडवरील पुतळा हिरवा पडला आहे.
घासून मूळ रंगात आणणे. खर्चाचा अंदाज द्यावा."
मी कौलांच्या भट्टीवरून शिडी मागवली
आणि नंदगडचा दस्तगीर कल्हईवाला बोलावला,
जो आता कल्हई करत नाही,
कुकरच्या शिट्ट्या बदलतो.

पुतळा रनर सटुप्पाचा.
खानापुरातून जांबोटी, कणकुंबी, पार चोर्ल्याच्या रानापर्यंत
टपालाची थैली पायी नेणारा.
मराठी, कानडी, एकही अक्षर येत नव्हतं त्याला.
पाकिटं ओळखायचा म्हणे घडीवरून,
खळीच्या वासावरून,
आणि कधी चुकला नाही.
(एकदा चुकला.
त्या चुकीचं लग्न झालं. नातवंडं गोव्यात असतात.)

तो गेल्यावर घरटी एकेक भांडं निघालं:
गळका बंब, पोचे आलेला हंडा,
बुडाला भोक पडलेलं घंगाळ.
ठोकून ठोकून माणूस केला त्यांचा.
उभा राहिला तेव्हा इतका लाल होता
की बाजाराला येणाऱ्या म्हशी बुजायच्या.

वर्षभरात गुळासारखा झाला. मग चिंचोक्यासारखा.
मग काळा, तव्याच्या पाठीसारखा.
आम्ही शाळकरी पोरं म्हणायचो,
सटुप्पा उन्हानं रापला.
दहावीला मी दुसऱ्यांदा बसलो त्या साली
त्याच्या डाव्या खांद्यावर पहिला हिरवा डाग दिसला,
पोपटाचं पीस पडावं तेवढा.

रसायनातच नापास झालो होतो, तरी एवढं आता कळतं:
हवा आधी नुसती हात लावून जाते,
तेवढ्यानंही तांबं काळवंडतं.
भट्ट्यांचा धूर गंधक आणतो,
घाटावरचा पाऊस ते चार महिने अंगावर घोळत राहतो,
आणि तांबं आपल्यातलं थोडंसं देऊन
दोघांशी मिटवून घेतं.
मिटवण्याचा रंग हिरवा.
पावसाची बाजू पश्चिम, म्हणून
तो पश्चिमेकडून आधी म्हातारा झाला.

दस्तगीर चढला. नखानं खरवडलं. जिभेला लावणार होता,
मी ओरडलो.
"घासू नको सायब. बेडा.
लोखंडाचा गंज पोटात शिरतोय,
ह्यो भाईर बसून राखण करतोय.
चिंच लाव की, लाल होतंय, दिवाळीपत्तोर.
मग हवा परत पहिल्यापासनं खायला बसणार.
धा वेळा घासलास तर नाक जातंय बघ त्याचं."
"पण जंगाल म्हणजे विष ना?"
"ताक ठेवशील तर विष.
ह्यात कोण जेवूलंय?"

खाली चौथऱ्याला पाटी आहे, कोरी.
नाव आधी कुठल्या भाषेत, यावर तीन बैठका झाल्या,
चौथीला चहा संपला म्हणून उठले सगळे.
वरून आलेला हिरवा ओघळ तिच्यावर उतरला आहे,
थोडा वळून, थोडा थबकून.
तो कुठलंच अक्षर नाही.
मी रोज वाचतो.

"वर ये सायब," दस्तगीर म्हणाला, "हात घाल हितं."
शिडी हलत होती. मी हात घातला
सटुप्पाच्या बगलेत, जिथं त्यानं थैली दाबून धरली आहे.
बोटांना खरखर लागली नाही.
वाकून पाहिलं, तर तिथं तो अजून चिंचोक्याच्या रंगाचा,
चाळीस पावसाळ्यांत
एक थेंब आत गेलेला नाही.

खर्चाचा अंदाज पुढीलप्रमाणे.
घासणे: करू नये.
शिडी: भट्टीवाल्याने पैसे घेतले नाहीत.
दस्तगीर नदाफ, तपासणी: घेत नव्हता, खिशात कोंबले, पन्नास रुपये.
चहा, दोन.
शेरा: टपाल कोरडे आहे.