जानापाव, दोनदा

मुर्तजाभाईंनी दोन्ही सायकली शनिवारी रात्रीच दिल्या.
"रविवारी सातच्या आत, धुऊन, मॅडम,"
आणि माझं आधारकार्ड गल्ल्यात टाकलं.
(ते आमच्याशी मराठी बोलतात, आम्ही त्यांच्याशी हिंदी.)
एक हिरवी, एक राखी.
हिरवीचा शॉक एकशे वीस मिलिमीटर, राखीचा दीडशे.
तीन सेंटिमीटरसाठी पंचेचाळीस हजार जास्त,
म्हणजे माझा महिन्याचा पगार, ओव्हरटाइम धरून.

महूच्या पुढे उन्मेषच्या जीपमधून उतरवल्या.
माघ संपत आलेला, सागाची पानं
पापडासारखी वाळून वाटभर पसरलेली,
खाली काळा फत्तर. तो दिसत नाही, लागतो.

पहिली हिरवी.
चढावर ती पुढे झुकून चालते,
भाव पडायच्या आत मंडीत पोचायचं असल्यासारखी.
जेवढं पायातून घालावं तेवढं चाकात येतं,
मधे कोणी दलाली खात नाही.
तिसऱ्या वळणापर्यंत मी मनात तिचे पैसे भरूनही टाकले होते.
मग ती दगडी पायरी आली, वर पानांचा थर,
मागचं चाक जागच्या जागी गरगरलं, पानं उडाली,
मी पाय टेकला.
उन्मेष वरून ओरडला, "टेकला! लिहितो!"
लिही बाबा.

उतरताना तिनं सगळं सांगितलं.
हा खडा, हा त्याचा भाऊ, हे मूळ, ही बकरीची लेंडी,
एकही गोष्ट स्वतःपाशी ठेवली नाही.
खाली येईतो मनगटं झिणझिणत होती,
जिभेनं दात मोजून घेतले.
पण शेवटच्या सौम्य वळणांवर,
कळ्या धरलेल्या पळसांमधून,
नुसती नजर वळवली की वळायची.

उकडलेले बटाटे खाल्ले, जिरावन लावून. पाणी.

मग राखी.
चढावर तिचं पुढचं चाक
लग्नातल्या लांबच्या काकांसारखं,
उगाच इकडे डोकाव, तिकडे डोकाव,
आणि प्रत्येक पायडलला मागे एक झोका.
आमच्या रक्तपेढीत प्लेटलेट्सच्या पिशव्या
रात्रंदिवस अशाच एका ट्रेवर हलत असतात,
थांबल्या तर गुठळी धरतील म्हणून.
अकरा वर्षं ऐकते आहे तो आवाज.
सुटीच्या दिवशी तोच झोका कमरेखाली,
आणि वर पंचेचाळीस हजार!
शॉकची कळ दाबली तेव्हा गप्प बसली.

पायरीपाशी मात्र कळ मुद्दाम मोकळी केली.
मागचं चाक दबलं, पानांखालचा दगड चाचपला,
आणि चढलं. हळू,
गाभण म्हैस नाल्याचा काठ चढते तसं.
पाय टेकला नाही.
या वेळी उन्मेष काही ओरडला नाही.

राखीवरचा उतार मला नीट आठवत नाही.
ही तिची तारीफ आहे, किंवा तक्रार.
सकाळी ज्यांनी नावानिशी ओळख करून दिली होती
ते दगड कुठे गेले, कळलंच नाही.
चार मिनिटं कमी लागली.
एका कड्यापाशी भीती वाटायला हवी होती,
ती दोन वळणं खाली आल्यावर वाटली.

साडेसहाला सियागंज. अर्धं शटर वर.
मुर्तजाभाईंनी टायरच्या खाचेतून
सागाचं पान ओढून काढलं, उजेडात धरलं
(धुतल्या होत्या, खरंच धुतल्या होत्या).
"मग? चढायची देऊ की उतरायची?"
मी म्हटलं, हिरवी तर सरळ नुसती चढायची नाही,
आणि ही पण, म्हणजे पायरीवर
हिनंच चढवलं हो मला.
मनगटं म्हणतात राखी, मांड्या म्हणतात हिरवी.
"आणि तुम्ही?"

आधारकार्ड राहू द्या, म्हटलं, गल्ल्यातच.
पुढच्या रविवारी येते.