काथ्याची दोरी

सेमीसी, रविवारी चर्चला जाताना
तू कंबरेला चटई गुंडाळतोस, ताओवाला,
आणि वरून दोरी मी बांधते.
काथ्याची. तुझ्या वडिलांनी वळलेली,
मांडीवर घासून घासून, आपल्या लग्नाच्या वर्षी.
गाठ कुठे बसायची ते दोरीलाच पाठ आहे:
काळपट चकाकी आलेल्या जागा,
पहिलीपासून दुसरी दोन बोटं,
मग चार,
आणि शेवटची जवळजवळ टोकाला.

मला वाटायचं, खात्यापित्या घरचा नवरा आहे.
आमच्या नुकुअलोफात सडपातळ माणसाला
लोक विचारतात, बरं नाही का?

तुझे दंड मात्र वाळत गेले. मांड्याही.
साखर निघाल्याला अकरा वर्षं झाली होती,
वजनकाटा दर खेपेला तोच आकडा दाखवायचा
आणि आपण दोघं काट्यावर खूश.

लूसेआने नर्स खूश नव्हती.
तिने शेवटची बरगडी चाचपली, कमरेचं हाड चाचपलं,
मधोमध टेप धरली.
"श्वास सोड," म्हणाली, "पोट चोरू नकोस."
आकडा तिने मोठ्याने वाचला नाही.
मला बाजूला घेऊन म्हणाली,
चिमटीत येते ती चरबी दारात बसून असते.
ही आत शिरलीय, यकृताला बिलगून,
आतड्यांच्या पदरात,
आणि तिथून हृदयाला निरोप धाडते.
कसले निरोप, मी विचारलं.
ती म्हणाली, पुढच्या महिन्यात घेऊन ये.

मी नेलं नाही. कोनफळं खणायचे दिवस होते.

आणि तो मंगळवार.
तू कोनफळ सोलत बसला होतास.
घाम आला. एवढंच.
"दमलो," म्हणालास, आणि सुरी पुसून जागेवर ठेवलीस.
छातीत कळ नाही, हातात चमक नाही.
डॉक्टरांनी हृदयाची पट्टी उलगडून पाहिली
नि म्हणाले, हा दुसरा झटका.
दुसरा?
मग पहिला कधी आला?
आपल्या घरी जेवून गेला की काय,
आणि मीच त्याला वाढलं?
साखरेने नसा बधिरल्या, ते म्हणाले,
की दुखणंसुद्धा हाक मारत नाही.

तू सगळंच पोटात ठेवणारा माणूस.
ऑकलंडच्या भावाचं कर्ज,
गायनवृंदातून काढलं त्या दिवशीचा अपमान.
शरीर तुझ्याकडूनच शिकलं असणार.

आता मेंढीच्या चरबट पट्ट्या घरात येत नाहीत.
तू रोज धक्क्यापर्यंत चालतोस
आणि धक्क्यावर नुसता बसून राहतोस,
मला ठाऊक आहे.

आज दोरी आवळली तेव्हा गाठ
शेवटच्या चकाकीच्या अलीकडे बसली.
अर्धं बोट.
"बघ," म्हणालास.
मी म्हटलं, "पोट चोरलंयस."

तू श्वास सोडलास.
मी दोन्ही टोकं धरून तशीच उभी,
चर्चची घंटा वाजायची थांबली तरी.