शिंगं असलेलं इंजिन

दारव्ह्यात म्हणाले, मूर्तिजापूरला विचारा.
मूर्तिजापूरच्या शेडमागं बोरीबाभळी,
आणि एक म्हातारा पॉइंट्समन.
"उकंडा फिटर? थो तं गेला.
पन पिप्याच्या पत्र्याचं बनवलं होतं त्यानं एक,
आपल्या नॅरोगेजचं. हुबेहूब.
धुराडं तेवढं वाकडं."

तीन वर्षं मी ते वाकडं धुराडं शोधतोय.
कारंज्याचं निघालं जत्रेतलं, चाकं चारच.
लाडखेडला नुसता बॉयलर,
आत कुणाची तरी मिसरी.

मग तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, लोहीत,
लाकडी बैलांच्या रांगेत
सातव्या नंबरावर ते उभं.
पाठीवर झूल, गळ्यात चवाळं,
बफरवर दोन शिंगं.
धुराडं मात्र सरळ.
कुणीतरी मायेनं ठोकून सरळ केलेलं.

दोरी धरून उकंडाची पणती.
मी मातीत गुडघे टेकले, कॅलिपर काढला.
रिव्हेट मोजले: डावीकडं एक्केचाळीस,
उजवीकडं एकोणचाळीस.
"दोन कमी आहेत," मी म्हणालो.
तिचा आजा हसला.
"खऱ्या इंजिनालेई कमीच होते.
बुढ्यानं घरी आणले, कानशीनं घासले.
मले पोळ्यात बैल पाह्यजे होता ना."

मी शिंगांना हात लावला. थंड, जड.
वहीत लिहिलं: शिंगं, दोन, मूळ भाग.

"बाजूले व्हा जी," पोरगी म्हणाली,
"बक्षिसाचं सुरू झालं."
आणि ओढलं तिनं.
मागचं एक चाक
फिरतच नव्हतं, घासत गेलं.