डॅफोडिलची वेगळी बादली

मक्कुमच्या बंदरावर वारा अजून मार्चचाच.
फ्राउक्ये कागद सोडते. आत ट्यूलिप,
घट्ट मिटलेले, एकमेकांना घासले की
ओल्या रबरासारखे करकरणारे.

डॅफोडिल मागच्या दाराशी, वेगळ्या बादलीत.
त्यांच्या देठातला चीक ट्यूलिपला बाधतो.
रात्रभर गळू दे,
मग बसवू एका पंगतीला.
त्यानंतर मात्र त्यांना सुरी लावायची नाही,
पुन्हा झरतील.
हे स्यूर्डनं शिकवलेलं,
ज्याला एरवी अंडंही उकडता यायचं नाही.

पाण्यात बुडतील ती पानं खुडायची.
पाणी चार बोटं, गार.

तिसऱ्या दिवशी ट्यूलिप बरणीच्या काठावरून
खिडकीकडे झुकलेले.
ती शिवणाच्या डब्यातली टेप आणते, मोजते:
अडीच सेंटिमीटर वाढ.
मुळं तिकडेच राहिली, शेतात,
हे यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

ती बरणी फिरवते, पाठ उजेडाकडे.
संध्याकाळपर्यंत सगळे परत वळलेले.

"हट्टी मेले," ती म्हणते, फ्रिजियनमध्ये.
या घरात ती भाषा आता
फुलांशीच तेवढी बोलली जाते.

मग पाणी बदलते.
टेप टेबलावरच राहते.