उणे चाळीस

तासगावच्या शीतगृहात बेदाणा राहतो
चार अंशांवर.
खाली गेलं की मालकाचा फोन,
वर गेलं की बागायतदाराचा.
या दोन फोनांच्या मध्ये माझी अठ्ठावीस वर्षं गेली.

मिरजेच्या डॉक्टर मुजावर म्हणाल्या,
भूपालभाऊ, मला उणे चाळीस हवंय.
किती टनांची खोली? मी विचारलं.
त्यांनी अंगठा नि तर्जनी जुळवून
हवेत लिंबाएवढी पोकळी दाखवली.
छातीतली गाठ काढल्यावर
एवढीच खोली उरते.

तळघरात आधी दुधी गोठवला.
मग चायना ग्रासची वडी.
मग खाटकाकडचं मांस आलं,
तेव्हा मी दाराबाहेर थांबलो,
काटा तेवढा वाचून सांगत राहिलो:
उणे बारा. उणे एकोणीस.
तिथंच अडलं.

वायूला ओल होती.
नळीच्या तोंडाशी बर्फाचा कण,
मोहरीहून बारीक.
तो शोधायला नऊ दिवस गेले.
डॉक्टर म्हणाल्या, आमचंही हेच,
मागं राहिलेला कण दिसत नाही,
म्हणून सगळी कडाच गोठवायची.

आणि गोठवून भागत नाही.
सावकाश वितळू द्यायचं, पुन्हा गोठवायचं.
वितळताना मरतं ते जास्त.
माझ्या धंद्यात वितळणं म्हणजे नुकसान,
रात्री दोनला मोटारसायकल काढणं.
इथं मी घड्याळ लावून
वितळण्याची मिनिटं वहीत लिहितो.

पद्मावती अक्काला सांगितलं.
सात वर्षं झाली तिच्या ऑपरेशनला,
तिचं सगळंच काढलं होतं.
ती सुपात बेदाण्याच्या काड्या वेचत होती.
वर न बघता म्हणाली,
त्या बाईला थंडी वाजेल का रे?

अठ्ठावीस वर्षांत
हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.
डॉक्टरांना विचारला.
त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
मांसानं अजून सांगितलं नाही, म्हणाल्या.
मग वहीत लिहिलं: कातडीला कोमट पाणी?
प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलं.

काल काटा उणे एक्केचाळीसला टेकला
नि तीन मिनिटं हलला नाही.
तरी माणसावर नाही अजून. समिती बसेल,
कागद मागेल, परत पाठवेल,
पुन्हा बसेल.

अक्का विचारते, तारीख ठरली का?
कशाला, ते सांगत नाही.
स्वेटर घातलाय तिनं विणायला,
कुणाच्या मापाचा, ठाऊक नाही.
पुढून उघडणारा,
हात वर करावा लागू नये असा.