एक आणि तीच

म्हापशाच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून
नोटरी बसतात.
त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं
आणि स्टॅम्पपेपरवर टाइप केलं:
जन्मदाखल्यातली प्रज्योती पोरोब
आणि पासपोर्टातली प्रज्योती परब
ही एक आणि तीच व्यक्ती.
शिक्का मारला, फुंकर घातली.
पाचशे रुपये झाले.

पणजोबांचं आडनाव पोर्तुगीज कारकुनानं लिहिलं,
त्याच्या कानाला आलं तसं.
बाबांचं शाळेत मास्तरांनी दुरुस्त केलं.
माझ्या दाखल्यावर पंचायतीनं पुन्हा जुनंच उतरवलं.
इतकी वर्षं आम्ही
एकाच उंबऱ्यातून आत-बाहेर करतोय
वेगवेगळ्या आडनावांनी,
आणि उंबऱ्यानं कधी प्रतिज्ञापत्र मागितलं नाही.

विद्यापीठाचा फॉर्म म्हणतो, फोटोत हसू नये.
म्हणतो, पोस्टकोड: चार अंक, दोन अक्षरं.
कामुर्लीच्या पिनकोडात अक्षरं नाहीत.
घर नंबर लिहिला, वाडा लिहिला,
सवयीनं ‘देवळामागे’ लिहिलं.
चौकट लाल झाली.
देऊळ खोडलं.

संशोधनाचा विषय: खाजन शेतांच्या बांधातला गाळ.
मुलाखतीत प्राध्यापक बाईंनी विचारलं होतं,
त्या दाराला तुम्ही काय म्हणता?
मानस, म्हटलं.
शाळेच्या पुस्तकात मानस म्हणजे मन.
आमच्याकडे बांधातलं लाकडी दार,
भरतीच्या रेट्यानं मिटणारं, ओहोटीला उघडणारं.
बाई लिहून घेत होत्या.
दोन्ही अर्थ लिहिले की एकच,
स्क्रीनवर दिसलं नाही.

नोंदणीची मुदत: त्यांच्या रात्री बाराला एक मिनिट कमी.
आपले पहाटेचे तीन एकोणतीस.
बाबा म्हणाले, बरं झालं,
सुकती अडीचला लागते, मी जागाच असणार.
यंदा मानस त्यांनी पावणीत घेतलीय.
समोरचा बोली वाढवत गेला,
हेही हट्टाला पेटले.
आई दोन दिवस बोलली नाही.

दोन वाजता घरचं नेट गेलं.
मी मोबाईल घेऊन बांधावर. तिथं रेंज येते.
बाबा कमरेइतक्या पाण्यात, कपाळाला बॅटरी,
जाळ्यात शेवटे, काळुंद्रां,
प्लॅस्टिकची एक चप्पल.
मी उकिडवी,
दस्तऐवज सतरावा: एक आणि तीच व्यक्ती.
चढतोय. चढतोय.
अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर अडून बसलाय
जत्रेतल्या पोरासारखा.

आपत्कालीन संपर्क. नाव. नातं.
त्यांना कोणत्या वेळी फोन करता येईल?
पाण्याच्या वेळा सोडून, लिहावंसं वाटलं.
लिहिलं: केव्हाही.

तीन अकराला पडदा पांढरा झाला.
मग सात आकडे. विद्यार्थी क्रमांक.
खाली: स्वागत, पी. परब.
पोरोब कुठं राहिली, बघायला मागे वळले
तर चिखलात माझीच पावलं,
हळूहळू पाणी धरत असलेली.

“जालें गो?”
“जालें.”
बाबांनी एक कुर्ली उचलली,
उलटीसुलटी करून पाहिली,
लहान म्हणून सोडून दिली.
मग जाळं झाडता झाडता,
“थंय दर्या आसा मगो?”
आहे, म्हटलं. पण बांध घालून
बाहेरच थांबवलाय.

त्यांनी बॅटरी माझ्याकडे वळवली.
डोळे दिपले, चेहरा दिसेना.
“आनी मानस?”

बघून सांगते, म्हटलं.