पावतीपुस्तक

दर मंगळवारी मी संग्रहालयात पावत्या फाडते.
बाहेर न्यूफाउंडलंडचं धुकं, आत हीटरची खरखर,
आणि छताला हात लागेल एवढी खोली;
कॉडच्या दिवसांत इथे मीठ साठवायचे.

नव्या दालनासाठी देणगी. नाव, रक्कम, आणि
समितीने हौसेने घातलेला एक रकाना : कारण.
बहुतेकजण तो कोराच सोडतात.

लिएंडर पाइकने वीस डॉलर दिले, वर दटावलं,
"फोटोखाली माझ्या बापाचं नाव चुकलंय.
मोठ्या भिंतीवर लावाल तेव्हा तरी नीट लिहा."

फिलोमिना टोबिन पैसे देत नाही, फरशी पुसते.
तिचं बेट सरकारने उठवलं त्या साली
घरं पिंपं बांधून तरंगत आणली होती.
तिच्या घराचा उंबरठा आमच्याकडे आहे,
जिन्याखाली, गोणपाटात, क्रमांक दोनशे बारा.
पुसता पुसता ती तिथे रेंगाळते.
मी पावत्या मोजत बसते.

आणि ती होडी. अकरा हिवाळे ताडपत्रीखाली,
दारातून आत येत नाही म्हणून.
ती बांधणारा ऑगस्टस आता नव्या दाराचं माप घेतो,
फुकट, दोनदा, तीनदा,
आणि दरवेळी चार बोटं जास्तच धरतो.

काल कुलूप लावण्याआधी
मी माझीही पावती फाडली. पन्नास.
कारणापाशी पेन अडलं.
मग लिहिलं : उंबरठा ओलांडता यावा म्हणून.
लगेच खोडलं.
कार्बनखालच्या प्रतीवर
दोन्ही उमटलंय.